परग्रहाची भूमी आणि भूवैकुंठाचा भूगोल

वारकरी परंपरेने पंढरपूरला ‘भूवैकुंठ’ म्हटले आहे. या सामासिक शब्दातील दोन्ही पदे सारख्याच वजनाची आहेत. वैकुंठ हा कोणीही न पाहिलेला लोक. परंतु त्याला ‘भू’ हे पद जोडले जाताच त्याला नदी मिळते, वाळवंट मिळते, घाट आणि पेठा मिळतात आणि आषाढातील चिखलही मिळतो. न पाहिलेल्या लोकाला पायांखालची जमीन देण्याची प्रतिभा मराठी भाषेला अपरिचित नाही, याची साक्ष हा एकच शब्द देतो. असे असताना याच भाषेतील विज्ञानकथाकारांनी जेव्हा नवे ग्रह कल्पिले, तेव्हा त्या ग्रहांना जमीन का लाभली नाही, हा प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे.

या प्रश्नाला आरोपाचे स्वरूप येऊ नये, यासाठी मराठी विज्ञानकथेची वाटचाल प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. १९०० साली ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे कथानक ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने मराठीत अवतरले. पुढे भा. रा. भागवत यांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणले. अनंत अंतरकर यांच्या ‘नवल’ने अद्भुताला हक्काचे व्यासपीठ दिले आणि नारायण धारप यांनी भयकथेबरोबरच विज्ञानकथाही हाताळली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकर यांची ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने आली आणि पारितोषिकास पात्र ठरली. त्यानंतरच्या काळात बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर प्रभृतींनी या वाङ्मयप्रकाराला स्वतःचा वाचक मिळवून दिला. २०२१ साली नाशिक येथील ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. २०२५ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा विज्ञानकथा ही मराठी वाङ्मयाची एक मान्य शाखा झालेली होती.

तथापि या शाखेतील परग्रहाचे स्थान तपासले असता असे आढळते, की तो बहुधा एखाद्या पाहुण्याचा पत्ता असतो. तेथून संदेश येतो, यान येते, बुद्धिमान जीव येतो. घटना घडते ती पृथ्वीवर. नारळीकरांच्या ‘प्रेषित’मध्ये परग्रहाशी जडणारा संबंध मुख्यतः पृथ्वीवरच उलगडतो, ‘अभयारण्य’मध्ये परक्या नजरेखाली येते तीही पृथ्वीच. त्या दूरच्या ग्रहावर पाऊस कोणत्या दिशेने येतो, माती कशाची आहे, पाणी कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या येत नाही, हे प्रश्न कथेच्या बाहेरच राहतात.

याची कारणे समजण्यासारखी आहेत. मराठी विज्ञानकथेने आरंभापासून विज्ञानप्रसाराची जबाबदारी स्वीकारली होती. एखादी वैज्ञानिक कल्पना आणि तिच्यामुळे माणसाच्या जीवनात होणारी उलथापालथ, एवढे सूत्र कथेला पुरेसे होते. शिवाय दिवाळी अंकाची मोजकी पाने हेच तिचे प्रमुख आश्रयस्थान असल्यामुळे संपूर्ण ग्रह उभा करण्यास तेथे अवकाशही नव्हता. परंतु वाङ्मयप्रकाराच्या बाल्यावस्थेत क्षम्य असलेली मर्यादा प्रौढावस्थेत रूढी बनली, तर तिची चिकित्सा करणे अपरिहार्य ठरते.

मुळात कल्पित ग्रहाचे साहित्यमूल्य कशात असते? दोन सूर्य, जांभळे आकाश किंवा तीन डोळ्यांचे प्राणी कल्पिले म्हणजे ग्रह निर्माण होत नाही. विचित्रपणा ही सजावट आहे. ग्रह उभा राहतो तो कार्यकारणभावावर. योहान्स केपलर याच्या मृत्यूनंतर १६३४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सोम्नियम’ या ग्रंथात चंद्राचे दोन भाग कल्पिलेले आहेत. एका भागाच्या आकाशात पृथ्वी सदैव टांगलेली दिसते. दुसऱ्या भागाला तिचे दर्शन कधीच घडत नाही. पृथ्वीवरील पंधरवड्याएवढा दिवस आणि तेवढीच रात्र असल्यामुळे तेथील जीव उन्हापासून गुहांचा आसरा घेतात. म्हणजे आकाशाच्या रचनेवरून हवामान, हवामानावरून निवारा आणि निवाऱ्यावरून जीवनरीती अशी साखळी तेथे जोडलेली आहे. फ्रँक हर्बर्टच्या १९६५ सालच्या ‘ड्यून’ कादंबरीत वाळवंटी ग्रहावरील पाण्याची टंचाई हीच धर्माची, राजकारणाची आणि शिष्टाचाराची जननी ठरते. स्तानिस्लाव लेमच्या १९६१ सालच्या ‘सोलारिस’मध्ये ग्रहाला व्यापणारा महासागर माणसाच्या ज्ञानाची सीमाच दाखवून देतो. या तिन्ही ठिकाणी भूगोल हाच कथानकाचा कर्ता आहे.

आपल्या पौराणिक भूगोलाशी याची तुलना उद्बोधक ठरेल. सप्तद्वीपा वसुंधरेच्या कल्पनेत जंबुद्वीपाभोवती एकामागून एक द्वीपे आणि लवण, इक्षुरस, सुरा, घृत, दधी, दुग्ध, जल अशा द्रव्यांचे समुद्र वलयाकार मांडलेले आहेत आणि प्रत्येक द्वीप आधीच्या द्वीपाच्या दुप्पट आहे. येथे गणिती नियम आहे, सममिती आहे, भव्यता आहे. परंतु घृताच्या समुद्रावर कोणते मेघ तयार होतात, त्याच्या किनाऱ्यावर राहणारा कोळी काय पकडतो, हे विचारण्याची सोय नाही. या रचनेचे प्रयोजन विश्वाचा क्रम सांगणे हे होते. तिच्यात विज्ञान शोधणे जितके अयोग्य, तितकेच तिच्यात विज्ञान नाही म्हणून तिला हिणवणेही अयोग्य. एवढेच नोंदवावयाचे, की मराठी विज्ञानकथेतील अनेक परग्रह नकळत या वलयाकार द्वीपांचे वंशज ठरले आहेत. नियम सांगितला जातो. ऋतू दिसत नाही.

याउलट माहात्म्यग्रंथांचा भूगोल वेगळ्या प्रकृतीचा आहे. पुराणांशी जोडलेल्या संस्कृत पांडुरंगमाहात्म्यांपासून पंढरपुरी वास्तव्य केलेल्या श्रीधराच्या मराठी ‘पांडुरंगमाहात्म्या’पर्यंत या क्षेत्राच्या अनेक कथा रचल्या गेल्या. त्यांत प्रत्येक स्थळाला कारण आहे. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली म्हणून देव येथे आला. गाईगोपाळ थांबले म्हणून गोपाळपूर. पुंडलिकाने वीट भिरकावली म्हणून देव उभा. नदी वळली म्हणून तिचे नाव पालटले: सह्याद्रीत भीमाशंकरला उगम पावलेली भीमा येथे चंद्रकोरीसारखे वळण घेते आणि चंद्रभागा होते. कारणे पौराणिक आहेत, परंतु ती एकमेकांत गुंतलेली आहेत आणि सगळी पायी चालून पाहता येण्याजोगी आहेत. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात या देवतेचे मूळ गवळी-धनगरांच्या पशुपालक जीवनात शोधले, तेव्हा माहात्म्याच्या पडद्याआडून कोरडवाहू माळरानाचा भूगोलच पुढे आला.

या पौराणिक नकाशाखाली दुसरा नकाशा आहे. पंढरपूर हे पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसले असून वर्षाकाठी साधारणतः ५०० ते ६०० मिलिमीटर एवढाच पाऊस येथे पडतो. नदीच्या उगमाकडे त्याच्या कित्येक पटींनी अधिक पडतो. म्हणून येथे आकाश कोरडे असताना नदीला पूर येऊ शकतो आणि वाळवंटातील पुंडलिकाचे मंदिर पाण्याखाली जाऊ शकते. जमीन बेसाल्टपासून झालेली काळी माती. ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जवळच्या मंगळवेढ्याच्या शिवारात ज्वारीची पेरणी पाऊस सरत असताना होते आणि पीक जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर वाढते. पाऊस संपताना पेरणी करणारा देश ही कल्पना एखाद्या परदेशी कादंबरीकाराने परग्रहाविषयी मांडली असती, तर समीक्षकांनी तिच्या अपूर्वतेची प्रशंसा केली असती.

या दोन नकाशांच्या संयोगातून कथा कशी जन्मते, याचे उदाहरणही मंगळवेढ्याचेच आहे. बहामनी राजवटीत दुष्काळ पडला असता दामाजीपंतांनी सरकारी धान्याची कोठारे रयतेला खुली केली आणि विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बेदरच्या दरबारी त्या धान्याची किंमत भरली, अशी परंपरा सांगते. या कथेचा गाभा भक्तीचा असला तरी तिचा पाया पर्जन्याचा आहे. जेथे पावसाचा भरवसा आहे, तेथे कोठार हे कथेचे केंद्र होऊ शकत नाही. आणि जेथे समाजात उतरंड आहे, तेथेच देवाने महाराचे रूप घेणे हा आशयाचा कळस ठरतो. ज्या कल्पित ग्रहावर स्वतःची अशी एकही दामाजीकथा जन्मू शकत नाही, त्याचा भूगोल अपुरा आहे, असे खुशाल समजावे.

भूवैकुंठाच्या नकाशाने आणखी एक धडा दिला आहे. त्याला आत आणि बाहेर आहे. चोखामेळ्याचा मृत्यू १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून झाला. त्याची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर, पायरीच्या बाहेर आहे. मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये येथे उपोषण करावे लागले. पृथ्वीवरील वैकुंठाचाही उंबरठा ओलांडण्यास सहा शतके लागतात, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ‘अमुक ग्रहावरील लोक शांत व प्रगत होते’ यासारखे वाक्य समाधान देऊ शकत नाही. कोणत्या खोऱ्यातील लोक, कोणत्या उताराचे, पाण्यापासून किती अंतरावरचे, हे त्याने विचारलेच पाहिजे. एकाच हवामानाचा आणि एकाच स्वभावाच्या लोकांचा ग्रह ही वैज्ञानिक चूक आहेच. त्याहून अधिक ती सामाजिक डोळेझाक आहे.

यावर असा आक्षेप येईल, की माहात्म्य आणि विज्ञानकथा यांची सांगड ओढूनताणून घातलेली आहे. आक्षेप विचारार्ह आहे. परंतु मराठीतील भूमिनिर्मितीची परंपरा माहात्म्यापुरती सीमित नाही. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त श्रीचक्रधरांच्या वास्तव्याने पावन झालेल्या स्थानांची नोंद दिशांसह आणि परिसरातील खुणांसह केलेली आहे. तेथे अद्भुतावरील श्रद्धा आहे, पण वर्णन मोजणीदाराचे आहे. आधुनिक काळात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) माणदेशी माळावरील धनगरांची वस्ती, तिची न्यायरीती, तिचे विनोद आणि अखेरीस दुष्काळाने तिचे पांगणे, हे सर्व एका पावसाच्या ताणावर तोललेले आहे. त्यांच्याच ‘सत्तांतर’मध्ये (१९८२) वानरांच्या टोळ्या, त्यांचे प्रदेश आणि त्यांतील सत्तासंघर्ष हा विषय आहे. मानवेतर समाज त्याच्या भूमीतून आणि अन्नातून उभा करण्याचा मराठीतील बहुधा सर्वांत यशस्वी प्रयत्न कोणत्याही विज्ञानकथासंग्रहात सापडत नाही. तो या कादंबरीत आहे. परग्रहवासीयांचे चित्रण करू इच्छिणाऱ्या लेखकाने प्रथम ती वाचावी.

१९८०नंतरच्या काळात भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीमुळे देशीयतेची चर्चा मराठी समीक्षेत मध्यवर्ती झाली. त्या चर्चेत विज्ञानकथेला परकी, शहरी आणि आयात केलेली म्हणून बाजूला ठेवण्यात आले. वस्तुतः देशीयतेची खरी कसोटी तेथेच लागली असती. स्वतःच्या गावाचे वर्णन देशी भाषेत करणे तुलनेने सोपे आहे. ज्या भूमीवर आपला एकही शब्द जन्मलेला नाही, तेथे आपली भाषा काय करील, हा प्रश्न अवघड आणि म्हणून अधिक फलदायी आहे.

तो प्रश्न आज केवळ काल्पनिकही राहिलेला नाही. १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचा शोध जाहीर केला. २०२५ साली अशा ज्ञात परग्रहांची संख्या ६०००च्या पुढे गेली. सूर्याला सर्वांत जवळचा असलेल्या प्रॉक्सिमा या तांबड्या खुजा ताऱ्याभोवती सुमारे ११ दिवसांत प्रदक्षिणा करणारा ग्रह २०१६ साली सापडला. ताऱ्याच्या इतक्या जवळ असलेल्या ग्रहाची एकच बाजू सदैव ताऱ्याकडे राहण्याचा संभव मोठा असतो. अशा ग्रहावर वातावरण आणि पाणी आहे असे मानून, उदाहरणादाखल, त्याचा भूगोल मराठीत विचारात घेता येईल.

तेथे एका गोलार्धात कायमचा दिवस, दुसऱ्यात कायमची रात्र आणि दोहोंच्या सीमेवर एक अरुंद पट्टा. त्या पट्ट्यात सूर्य क्षितिजाशी टेकलेला, न उगवणारा, न मावळणारा. मराठीत या प्रदेशाला नाव आधीच तयार आहे: तिन्हीसांज. उजेडाच्या बाजूस तापलेली हवा वर चढून अंधाराकडे जाईल आणि तिकडून गार वारा जमिनीलगत अखंड वाहत येईल. वाफ अंधारात बर्फ होऊन साचेल. त्याचे हिमप्रवाह सरकत संधिपट्ट्यात वितळतील आणि नद्या उजेडाकडे वाहत जाऊन आटतील. म्हणजे पाण्याचा उगम अंधारात आणि अंत प्रकाशात. अशा लोकांच्या भाषेत अंधार हा शब्द अज्ञानाचा वाचक राहील काय?

तेथे सावली हलणार नाही. टेकडीआडचे शेत पिढ्यान् पिढ्या सावलीतच राहील. म्हणून वारसाहक्काचे तंटे सावलीच्या रेषेवरून होतील आणि ‘उजेडाकडचे’ व ‘सावलीतले’ अशी उतरंड रचली जाईल. झाडांची सर्व पाने एकाच दिशेला वळलेली असतील. दिवस नसल्यामुळे ‘उद्या’ नसेल. मात्र अंधाराच्या कडेला राहणाऱ्यांना तारे दिसतील आणि त्यांचे आकाश ११ दिवसांत एक फेरा पुरा करील. तेवढेच त्यांचे वर्ष. काळ मोजण्याची विद्या अशा रीतीने अंधाराकडच्या लोकांच्या हाती राहील. उजेडातील सधन माणसाला कालगणना विचारण्यासाठी सावलीतल्यांच्या दारी चालत जावे लागेल. त्या चालण्याला पुढे व्रताचे, कदाचित वारीचे रूप येईल. येथपर्यंत पोचण्यास कोणतेही अद्भुत यंत्र लागलेले नाही. एका खगोलीय अटीचा पाठपुरावा केला आणि मराठी शब्दांना प्रश्न विचारले, एवढेच झाले.

पृथ्वीवरील प्रश्न पुरेसे असताना असे ग्रह कशासाठी रचावयाचे, हा शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. त्याचे उत्तर पंढरपूरच्या वाळवंटातच मिळते. १९८० साली भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले. त्यानंतर वारीच्या काळात चंद्रभागेत वारकऱ्यांच्या स्नानासाठी पाणी असावे म्हणून धरणातून ते सोडले जाते. ज्या नदीचे पाणी माहात्म्यात पुराणकारणाने आणि भूगोलात पर्जन्यकारणाने वाहत होते, ते आता निर्णयाने वाहते. धरणाने या दुष्काळी जिल्ह्यातील शेतीला पाणी दिले, ही गोष्ट लहान नाही. परंतु एकादशीच्या तिथीवरून नदीची पातळी ठरते, अशी अट एखाद्या कल्पित ग्रहाविषयी वाचली, तर वाचक लगेच विचारील: मग बाकीच्या तिथींना काय? वरच्या अंगाच्या शेतकऱ्याचे काय? ही तिथी कोण ठरवतो? जे प्रश्न परग्रहाविषयी सहज सुचतात, ते पायाखालच्या नदीविषयी सवयीमुळे सुचत नाहीत. कल्पित भूमी रचण्याचे प्रयोजन हेच आहे. आपला परिसर अपरिहार्य नाही, तो कारणांनी घडलेला आहे आणि कारणे बदलली तर तो बदलतो, ही जाणीव अन्य कोणत्याही वाङ्मयप्रकारापेक्षा विज्ञानकथा अधिक स्पष्टपणे देऊ शकते.

या दृष्टीने मराठी विभागांची जबाबदारी महत्त्वाची ठरते. अभ्यासक्रमात विज्ञानकथा आली, तर ती एखाद्या सुट्या कथेच्या रूपाने, वेगळ्या खणात ठेवलेली असते. ‘स्थानपोथी’, एखादे क्षेत्रमाहात्म्य, ‘बनगरवाडी’, ‘सत्तांतर’ आणि विज्ञानकथा यांचे वाचन ‘भूमीची निर्मिती’ या एकाच सूत्राने करता येईल. त्यातून विज्ञानकथेला परंपरा मिळेल आणि परंपरेला नवे प्रश्न मिळतील. सांगोला, मंगळवेढा, माण या तालुक्यांतील विद्यार्थ्यांना खगोलशास्त्राची परिभाषा कदाचित नव्याने शिकावी लागेल. परंतु विहिरीच्या पाण्याची पातळी पाहून वर्षाचे भवितव्य ओळखण्याची विद्या त्यांच्याजवळ आधीच आहे. ग्रह रचण्यास हीच विद्या अधिक लागते. मराठी विज्ञानकथेला आता नव्या यानाची तेवढी आवश्यकता नाही; तिला उतरावयास जमीन हवी आहे, आणि ती जमीन ज्यांनी दुष्काळात भेगाळलेली पाहिली आहे अशा लेखकांकडूनच मिळण्याची शक्यता अधिक आहे.